लेकरांचे पाढे, घरचा हिशेब

तुम्हाला आता वाचता येते. स्वतःचे नाव लिहिता येते. वडीगोद्रीच्या फाट्यावर उभे राहिले तर कोणती एस.टी. जालन्याला जाते, कोणती बीडला जाते, हे कुणाला विचारावे लागत नाही. घरात वाचणारे माणूस झाले की एक नवे काम आपल्याकडे येते. शाळेतून आलेले लेकरू पुस्तक घेऊन समोर बसते आणि म्हणते, "आई, माझे पाढे घे."

पाढे घ्यायचे म्हणजे काय करायचे? पुष्कळ घरी असे चालते. लेकरू डोळे मिटून, अंग हलवीत, गाडी सुटल्यासारखे म्हणते : सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. आई पुस्तकावर बोट ठेवून बघते. शेवटी 'सात दाहे सत्तर' आले की "शाबास" म्हणते आणि चुलीकडे वळते. आपल्याला वाटते, पाढा आला. आता त्याच लेकराला मध्येच विचारून पाहा, "सात आठी किती?" ते गप्प बसेल, नाहीतर पुन्हा सात एके सातपासून ओठ हलवीत निघेल. म्हणजे त्याला पाढ्याची चाल येते. पाढा येत नाही. मोंढ्यावर कोणी आपल्याला पहिल्यापासून म्हणायला वेळ देत नाही.

हल्ली मोबाइलवर पाढ्यांची गाणी असतात. ती लावून दिली की लेकरू शांत बसते, हे खरे. पण तिथे गाणे पाठ होते. गाण्याला माझी ना नाही. त्याने बोबडी वळते आणि कानाला सवय होते. तेवढ्यावर थांबू नये इतकेच.

पाढा अडतो, तेव्हा तो नेमका कुठे अडतो हे आधी शोधावे. मी चाळीसेक वर्षे मुलांत काढली. त्यात एक मुलगी अशी होती की तिला तोंडी काहीही विचारा, उत्तर बरोबर. सात आठी? "छप्पन्न." लिही म्हटले की पाटीवर ६५. घरच्यांचे म्हणणे, "गुरुजी, हिला पाढेच येईनात." तिला पाढे येत होते. तिला आकडा लिहिता येत नव्हता. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही. तिला आणखी शंभर वेळा सातचा पाढा म्हणायला लावला असता, तरी तिने ६५ च लिहिले असते.

असे का होते? आपल्या मराठीत आकडा बोलताना आधी मागचा अंक बोलतो. पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. इंग्रजीत आधी वीस बोलतात, मग पाच. आपल्या शेजारच्या तेलुगू आणि कानडी भाषांतही तसेच. त्यांची लेकरे जसे बोलतात तसे लिहितात. आपल्या लेकराला बोलणे उलटे करून लिहावे लागते. त्यात आपली नावेही अवघड. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी ती चाल थेट एकोणनव्वदपर्यंत जाते, आणि नव्व्याण्णवला मोडते! चौपन्न, चौसष्ट, चौऱ्याहत्तर यांत तर मोठी माणसेही घसरतात.

यावरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला. पुण्याची बालभारती ही संस्था शाळेची पुस्तके काढते. तिने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने 'वीस एक, वीस दोन' अशी नावे दिली. गणिताच्या अभ्यास मंडळाच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. लहान मुलांना जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची नावे जड जातात, म्हणून ही सोय, असे त्यांचे सांगणे होते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. तरी वर्तमानपत्रांत टीका झाली, थट्टा झाली, विधानसभेतही विषय निघाला. मंगलाताई २०२३ साली वारल्या.

माझे मत विचाराल तर सांगतो. घरावर चढायला शिडी लावतात, तशी 'पन्नास सहा' ही शिडी आहे. लेकरू ६५ लिहीत असेल तर त्याला म्हणावे, "छप्पन्न म्हणजे पन्नास आणि सहा. आता लिही." महिना-दोन महिने असे केले की लिहिणे सुधारते. मग शिडी काढून घ्यावी. बाजारात छप्पन्नच म्हणतात. त्या मुलीला आम्ही असेच शिकवले आणि दिवाळीच्या आत तिचे ६५ गेले.

आता खरोखर पाढाच येत नसेल, त्याचे पाहू.

चिंचोके घ्या. आपल्याकडे त्यांना तोटा नाही. जमिनीवर आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी मांडा. मोसंबीच्या बागेत झाडे असतात तशा सरळ ओळी हव्यात. लेकराला मोजू द्या. छप्पन्न भरतील. आता त्याला उठवून दुसऱ्या बाजूला बसवा. त्याला आता सात-सातच्या आठ ओळी दिसतील. चिंचोका एकही हलला नाही. म्हणजे सात आठी छप्पन्न आणि आठ साती छप्पन्न हे एकच. हे लेकराला सांगून पटत नाही. त्याने बाजू बदलून स्वतः पाहिले की पटते, आणि एकदा पटले की जन्मभर विसरत नाही.

यात केवढा फायदा आहे तो हिशेबाने पाहा. दोनपासून दहापर्यंत नऊ पाढे. प्रत्येकात दहा ओळी. एकूण नव्वद. लेकरू नव्वद ओळींचा डोंगर पाहते आणि घाबरते. आपण हा डोंगर खणून काढू.

'एके'च्या नऊ ओळी सोडा. त्यांत शिकायचे काय? ८१ राहिल्या. सात आठी आणि आठ साती एकच, म्हणून अशा जोड्यांतली एकेक ओळ काढा. तशा ३६ जातात. ४५ राहिल्या. दहाचा पाढा म्हणजे आकड्यापुढे शून्य. तो लेकराला आपोआप येतो. त्याच्या ९ गेल्या, ३६ राहिल्या. बेचा पाढा म्हणजे दुप्पट. तो जवळजवळ प्रत्येकाला येतो. त्याच्या उरलेल्या ८ गेल्या, २८ राहिल्या. पाचचा पाढा घड्याळाने येतो. मोठा काटा १ वर आला की पाच मिनिटे, ७ वर आला की पस्तीस. शिवाय त्या पाढ्यात शेवटी पाच नाहीतर शून्यच असते. त्याच्या ७ गेल्या, २१ राहिल्या.

नऊचा पाढा लोक अवघड समजतात. तो तर सगळ्यांत सोपा. दोन्ही हात पसरून समोर धरा. नऊ साती किती ते हवे आहे. डावीकडून सातवे बोट मुडपा. मुडपलेल्या बोटाच्या डावीकडे सहा बोटे, उजवीकडे तीन. उत्तर त्रेसष्ट. नऊ चोक? चौथे बोट मुडपा. डावीकडे तीन, उजवीकडे सहा. छत्तीस. हे गारूड नाही. नऊ म्हणजे दहाला एक कमी. सात दाहे सत्तर, त्यातून एक सात काढा, त्रेसष्ट उरतात. लेकराला आधी बोटे शिकवा आणि आठ दिवसांनी कारण सांगा. नऊच्या ६ ओळी गेल्या, १५ राहिल्या.

चारचा पाढा म्हणजे दुपटीची दुप्पट. सात दुणे चौदा, चौदाचे दुप्पट अठ्ठावीस, म्हणून सात चोक अठ्ठावीस. त्याच्या ५ गेल्या.

आता राहिल्या फक्त दहा. त्या अशा : तीन त्रिक नऊ, तीन सक अठरा, तीन साती एकवीस, तीन आठी चोवीस, सहा सक छत्तीस, सहा साती बेचाळीस, सहा आठी अठ्ठेचाळीस, सात साती एकोणपन्नास, सात आठी छप्पन्न, आठ आठी चौसष्ट. नव्वदांच्या दहा झाल्या. या दहा मात्र पाठच करायच्या. पाठांतराला नावे ठेवणारे लोक आहेत, त्यांचे मला पटत नाही. समजून घेतलेले पाठ करण्यात काही वावगे नाही. या दहांतही एकमेकींचा आधार आहे. सहा म्हणजे तीनची दुप्पट, म्हणून तीन साती एकवीस आले की सहा साती बेचाळीस आलेच. सात आठीला तर एक गंमतच आहे. ५, ६, ७, ८ असे ओळीने लिहा. ५६ म्हणजे ७ गुणिले ८.

एका दिवशी दोनच ओळी घ्याव्यात. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, वावरात जाताना विचारावे. पाटी लागत नाही, दिवा लागत नाही. क्रमाने विचारू नये. "सहा आठी?" मग इकडचे तिकडचे बोलणे, मग "सात साती?" काल विचारलेले आज विचारावे, आज जमलेले आठ दिवसांनी पुन्हा विचारावे. विसरत आलेले आठवताना डोक्याला जो ताण पडतो, त्यानेच ते पक्के होते. लेकरू अडले तर लगेच उत्तर सांगू नये. "सहा साती येतात ना? त्यात आणखी सहा घाल," एवढेच म्हणावे. बेचाळीस आणि सहा अठ्ठेचाळीस. त्याचे त्याने काढलेले उत्तर त्याच्याजवळ राहते.

मारू नये. पूर्वी पाढा चुकला की छडी बसे. कान पिळत, अंगठे धरायला लावत. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि त्याच्या मनाला त्रास द्यायला बंदी आहे. घरातला मार कोण बघतो? पण भ्यालेल्या लेकराला येत असलेलेही आठवत नाही. शेजारच्या पोराचे नाव घेऊन टोचणे हाही मारच.

तुम्ही म्हणाल, आमच्या वाडवडिलांना तर तीसपर्यंत पाढे येत, आणि शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी! औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. संध्याकाळी दिवेलागणीला पोरे ओळीने बसून परवचा म्हणत. त्यात हे सगळे असे. त्या काळी त्याची गरज होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. त्यात आपला मुलूख हैदराबाद संस्थानात. इकडे हाली रुपया आणि इंग्रजी मुलखात कलदार रुपया, दोहोंचा भाव सारखा नव्हता. अपूर्णांकाचे पाढे नसते तर माणूस पावलोपावली नागवला गेला असता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. पुढच्या वर्षापासून किलो आणि मीटर येऊ लागले. मग औटकीची गरज सरली आणि ती विसरली गेली. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे मात्र अजून बाजारात चालतात. तीस रुपये किलोची भाजी अडीच किलो घेतली. दोन किलोचे साठ, अर्ध्याचे पंधरा, झाले पंचाहत्तर. अडीचकी पाठ नसली तरी चालले.

मोठ्या पाढ्यांची नावेही त्या वेळी निराळी होती. पंधरा साती पाचोदरसे, असे म्हणत. पाचोदरसे म्हणजे एकशे पाच. कित्येक पोरे पाचोदरसे म्हणून मोकळी होत आणि ते किती हे त्यांना ठाऊक नसे.

बारापासून पुढचे पाढे पाठ करावेत की नाही? येत असतील तर उत्तम. न येतील तर फोड करावी. सतरा आठी हवे आहेत. दहा आठी ऐंशी, सात आठी छप्पन्न, मिळून एकशे छत्तीस. एकोणिसाचा पाढा विसाच्या पाढ्यातून काढावा. एकोणीस सक म्हणजे वीस सक एकशे वीस, त्यातून सहा गेले, एकशे चौदा.

ही फोड कोणी परवा काढलेली युक्ती नव्हे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात लीलावतीला विचारलेले एक उदाहरण आहे : १३५ ला १२ ने गुण. ते सोडवण्याच्या निरनिराळ्या वाटा तिथे दाखवल्या आहेत. बाराचे आठ आणि चार असे दोन भाग करा, दोन्हींनी गुणा आणि बेरीज घ्या. किंवा बारा म्हणजे तीन चोक, म्हणून आधी एकाने गुणा, मग दुसऱ्याने. किंवा दहा आणि दोन असे भाग करा. कोणत्याही वाटेने गेले तरी १६२० च येतात. पाटीवर करून पाहा. दहाने १३५०, दोनाने २७०, बेरीज १६२०. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. तसा शिलालेख तिथे आहे. चाळीसगाव आपल्यापासून काही फार दूर नाही.

आता एक जड गोष्ट. आपल्या अंबड, घनसावंगी भागातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरे ऊसतोडीला जातात. लेकरेही बरोबर जातात. शाळा सुटते ती चार-पाच महिने. परत येतात तेव्हा वर्गातली मुले भागाकारावर गेलेली असतात आणि हे लेकरू सहाच्या पाढ्यावर थांबलेले असते. मग त्याला लाज वाटते आणि ते शाळा टाकते. म्हणून आजी-आजोबा घरी असतील तर लेकराला मागे ठेवावे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, त्यांची चौकशी मुख्याध्यापकांकडे जाण्याआधीच करावी. नेणे भागच पडले, तर निदान त्या दहा ओळी तरी कोपीवर चालू ठेवाव्यात. मोळ्या बांधतानाही "सात सक?" असे विचारता येते.

हे लेकरासाठी झाले. पाढा आपल्यालाही लागतो. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोने, मुकादमाकडून एक लाख रुपये उचल घेतली. समजा तोडीचा दर टनाला ३६६ रुपये आहे. उचल फिटायला किती टन तोडावे लागतील? हे मुकादमाची वही सांगेल, असे म्हणून बसू नका. आपण काढू.

शंभर टनांचे ३६,६००. दोनशे टनांचे ७३,२००. लाखातून ते वजा केले, २६,८०० राहिले. आता सत्तर टनांचे किती? आधी सात टनांचे काढू. सात त्रिक एकवीस, म्हणून तीनशेचे २,१००. सात सक बेचाळीस, म्हणून साठाचे ४२०. पुन्हा सात सक बेचाळीस, सहाचे ४२. बेरीज २,५६२. सत्तरांचे त्याच्या दहापट, २५,६२०. ते २६,८०० मधून गेले, १,१८० राहिले. तीन टनांचे १,०९८. उरले ८२ रुपये. म्हणजे २७३ टन तोडून वर थोडे, २७४ टन धरा. दिवसाला दोन टन तुटले तर १३७ दिवस लागतात. साडेचार महिने, एकही खाडा न करता. तेवढ्यात उचल फिटते, आणि हातात नवा पैसा त्यापुढे येतो.

हा हिशेब उचल घेण्याआधी पाटीवर मांडावा. किती घ्यायची ते मग नवराबायकोने बसून ठरवावे. तोडीला गेल्यावर रोजच्या खेपेचे टन आपल्या वहीत लिहावेत आणि पंधरा दिवसांनी मुकादमाच्या वहीशी ताडून पाहावेत. पंधरा दिवसांत तीस टन झाले तर ३६६ ला तीसने गुणायचे. ३६६ त्रिक १,०९८, पुढे शून्य, १०,९८०. त्याच्या वहीत निराळे दिसले तर तिथेच विचारावे. हंगाम संपल्यावर विचारून उपयोग नसतो. त्या वेळी कुणाला आठवत नाही आणि पावत्याही हरवलेल्या असतात.

मार्च २०२४ मध्ये आपल्या राज्यात नवसाक्षरांची परीक्षा झाली. तिच्यात वाचन आणि लेखन यांच्या जोडीला संख्याज्ञान हा तिसरा भाग होता. पुष्कळ आयाबाया पहिल्या दोन भागांत धीट होत्या आणि तिसऱ्याला कचरल्या. घरात लेकराचे पाढे घेत बसलात की तो तिसरा भाग तुमचाही आपोआप तयार होतो. लेकराला सांगा, "तू मला विचार, मी तुला विचारते." तुम्ही चुकलात तर ते हसेल. हसू द्या. आईला दुरुस्त करणारे लेकरू तो पाढा कधी विसरत नाही.

खालची उदाहरणे लेकराला जवळ घेऊन करा. प्रत्येक उदाहरण दोन वाटांनी करा. दोन्ही उत्तरे सारखी आली नाहीत तर पुन्हा करा.

१. बचत गटात १२ बाया आहेत. प्रत्येकी महिन्याला १५० रुपये भरते. एका महिन्याचे किती? वर्षाचे किती?

२. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. १४ गोण्यांचा युरिया किती किलो? गोणी ५० किलोचीच आहे असे धरले तर किती किलोंनी चूक होईल?

३. मोसंबीच्या बागेत १४ ओळी आहेत. प्रत्येक ओळीत १६ झाडे लावली. ९ झाडे मेली. किती उरली?

उत्तरे : (१) १,८०० रुपये, २१,६०० रुपये. (२) ६३० किलो, ७० किलो. (३) २१५ झाडे.